कशेळीतली नाण्यांची भट्टी

अंबाडी नाक्यावरची एक मारामारी माझ्या मनातून अजून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीचे बंदोबस्त केले. त्यातलं बरंच आता पुसट झालं आहे. पण पाच रुपयांच्या सुट्ट्यावरून सुरू झालेलं हे प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी भिवंडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाईलवरून पैसे द्यायची सोय अजून आलेली नव्हती. एका सकाळी एक रिक्षावाला आणि एक प्रवासी एकमेकांची कॉलर धरूनच ठाण्यात आले. रिक्षावाल्याकडे परत द्यायला पाच रुपये नव्हते आणि प्रवासी ते सोडायला तयार नव्हता. ठाणे अंमलदाराने अदखलपात्र नोंद घेतली. अशा नोंदी त्या सुमारास फार व्हायला लागल्या होत्या. दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळ्या हातावर ठेवत आणि त्यावरूनही लोक हातघाईवर येत.

साक्षीदार म्हणून नाक्यावर वडापावची गाडी लावणाऱ्या मावशी आल्या होत्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई.

"साहेब, ह्यांना धरून काय होणार?" त्या म्हणाल्या. "नाक्यावर सुट्टंच ऱ्हायलं न्हाय. समदं तो दिघाशीचा पोरगा घेऊन जातो."

"कोण?"

"स्कूटरवर येतो. जाडा पाचाचा असतो ना, तेवढाच मागतो. नोट देतो आणि वर थोडं जास्त देतो. मीबी दिलंय, खोटं कशाला बोलू? पण आता माझ्याच गाडीवर गिऱ्हाईक भांडतंय."

पोलिसांना खबर देणारा माणूस बहुधा पैशासाठी येतो, नाहीतर कुणावर डूख धरून. या बाई नुसत्या वैतागल्या होत्या. माझा अनुभव असा, की वैतागलेल्या माणसाची खबर सगळ्यात पक्की असते.

जुन्या जाड पाचाच्या नाण्यात तांबं आणि निकेल असतं. त्याच्या धातूला पाच रुपयांहून जास्त भाव मिळतो, हे मला ऐकून माहीत होतं. चलनातलं नाणं वितळवणं हा गुन्हा आहे. नाणी जमवणारा कळला होता. वितळवणारा शोधायचा होता. मी एका जुन्या, शांत स्वभावाच्या हवालदाराला साध्या वेशात स्कूटरमागे लावलं. त्याने दोन-तीनदा पाठलाग केला. स्कूटर दरवेळी कशेळीला खाडीच्या अंगाला असलेल्या गोदामांकडे जायची आणि मागच्या बाजूच्या एका पत्र्याच्या शेडपाशी थांबायची. शेडवर भांड्यांना पॉलिश करण्याचा बोर्ड होता.

पुढच्या खेपेला आम्ही त्या तरुणाला अंबाडीतच थांबवलं आणि नाण्यांच्या पिशवीसकट चौकशीसाठी आणलं. तिशीचा, सडपातळ माणूस. हात जोडून बसला. चहा दिला तर घेतला नाही.

"चिल्लर गोळा केली साहेब, कुणाची चोरली न्हाय," तो म्हणाला. "ह्यो गुन्हा हाय का?"

प्रश्न बरोबर होता. नुसती नाणी जमवली म्हणून त्याला अडकवता येत नव्हतं.

"देतोस कुणाला?"

"शेटला. त्याचं तो काय करतो, मला म्हाईत न्हाय."

मी फिरवून फिरवून विचारलं. तो तेच उत्तर देत राहिला. मात्र अधूनमधून एक गोष्ट स्वतःहून विचारायचा. "साहेब, मला कवा सोडणार? मला कशेळीला जायचंय."

हे मला खटकलं. ठाण्यात बसलेला माणूस घरी जायची घाई करतो. याला त्याच शेडमध्ये परत जायचं होतं, जिचं नाव काढायला तो तयार नव्हता. मी दरडावलं, समजावलं, गप्प बसून पाहिलं. तो खाली मान घालून बसला, पण बोलला नाही.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. नवऱ्याला भेटू द्या म्हणून दारातच उभी राहिली. आमच्या महिला हवालदाराने तिला आत बसवलं, पाणी दिलं. जरा वेळाने हवालदार बाईंनी मला आत बोलावलं. "सर, ही काय सांगते ते ऐका."

"माझा दीर तिकडं कशेळीला हाय साहेब," त्याची बायको म्हणाली. "शेटच्या भट्टीवर काम करतो. त्याचा हात भाजलाय. पार मनगटापर्यंत."

"दवाखान्यात नेला?"

"न्हाय ना! शेट म्हणतो, दवाखान्यात गेला तर पोलीस केस व्हईल, मग तुम्हा दोघा भावांनाबी आत टाकतील. शेडमध्येच ठेवलाय. हे रोज मलम घेऊन जातात. काल सांगत होते, हाताला वास यायला लागलाय."

"मग तुझा नवरा बोलत का नाही?"

"भावाला जेल व्हईल म्हणून." तिने पदर तोंडाला लावला. "मी त्यांना सांगून सांगून थकली. साहेब, जेलमधून माणूस परत येतो तरी. हा असाच पडून ऱ्हायला तर येणार हाय का?"

मी वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भट्टी चालू नसताना छापा घातला तर हाती राख येईल, दोन दिवस थांबा, भट्टी पेटू द्या, मग रंगेहाथ पकडा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तपासाच्या दृष्टीने ते अगदी योग्य होतं. मीही एरवी तेच केलं असतं.

"सर, आत जखमी माणूस आहे," मी म्हणालो. "हे कळल्यावर मला थांबता येणार नाही. केस ढिली पडली तर जबाबदारी माझी."

ते म्हणाले, "डायरीला नोंद करा आणि निघा. रुग्णवाहिका बरोबर घ्या."

मी आत येऊन त्या तरुणाला सांगितलं, "चल. तुझ्या भावाला आणायला जाऊ."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरंच दवाखान्यात नेणार ना, साहेब?" एवढंच विचारलं आणि चपला शोधायला लागला.

कशेळीचा रस्ता नेहमीप्रमाणे कंटेनरांनी तुंबला होता. आमच्या शिपायांनी उतरून ड्रायव्हरना हातापाया पडून गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. शेडचा मागचा दरवाजा त्या तरुणानेच दाखवला. आत पोत्यांच्या थप्पीमागे गोधडीवर त्याचा धाकटा भाऊ पडला होता. तेवीस-चोवीसचा असेल. तापाने फणफणलेला. उजव्या हाताला साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. खाकी कपडे पाहून तो भिंतीकडे सरकला. थोरल्याने त्याला कवेत घेतलं. "घाबरू नको. मीच घेऊन आलोय ह्यांना."

त्याला रुग्णवाहिकेत घालेपर्यंत शेठ हजर झाला. पांढरा सदरा, गोड भाषा. "साहब, अपना ही लडका है. थोडा जल गया, आपण खासगी डॉक्टर बोलावणारच होतो."

आम्ही शेडची झडती घेतली. भट्टी थंडगार होती. धातूच्या लाद्या मिळाल्या, नाणं एकही नाही. शेठने भंगाराचा परवाना पुढे केला आणि म्हणाला, "भंगार गाळतो, साहेब. धंदा आहे." वरिष्ठांनी सांगितलं होतं तसंच झालं. मी शेडला सील लावलं, दोन शिपाई पहाऱ्यावर ठेवले आणि रुग्णालयात गेलो.

डॉक्टरीण बाई चिडलेल्या होत्या. "आणखी उशीर झाला असता तर हात कापावा लागला असता," त्या म्हणाल्या. "आता प्रयत्न करते." त्या रात्रभर थोरला भाऊ आणि त्याची बायको जिन्यावर बसून होते. सकाळी शस्त्रक्रिया झाली आणि हात वाचल्याचं कळलं. थोरला माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "लिहून घ्या साहेब. सगळं सांगतो."

पण खरी गोष्ट धाकट्याकडून कळली. ताप उतरल्यावर मी त्याच्या खाटेशेजारी बसलो होतो. हात कसा भाजला, एवढंच मी विचारलं.

"मूस फुटली," तो म्हणाला. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. "नाणी अजून पुरती वितळली नव्हती. समदा रस खाली सांडला. मी पोतं ओढायला गेलो आणि हात आला त्यात."

"सांडलेला रस कुठे गेला?"

"कुठं जाणार? जमिनीला चिकटून बसला. पहारीनं निघंना. मग शेटनं वर माती टाकली आणि कोबा करून घेतला."

मी पंचांना घेऊन तडक कशेळी गाठली. भट्टीसमोरचा कोबा नवा होता. झडतीच्या दिवशी आम्ही सगळे त्यावरच उभे होतो. फोडायला लावला. खाली भाकरीसारखा पसरलेला धातूचा जाड थर निघाला आणि त्यात नाणी रुतलेली होती. काही अर्धी विरघळलेली, काहींवरचे सिंह स्वच्छ दिसत होते. पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

भट्टी पेटण्याची वाट पाहत मी थांबलो असतो तर तो थर कोब्याखालीच राहिला असता, आणि त्याच्याबद्दल सांगणारा माणूस कदाचित राहिला नसता.

त्या थराचे फोटो पाहून शेठची गोड भाषा आटली. "माझ्या पैशानं घेतलेली नाणी," तो पुटपुटला. "मी काहीही करीन."

"नाणी राहू द्या," मी म्हणालो. "त्या पोराला चिंध्या बांधून का ठेवलं, ते आधी सांगा."

संध्याकाळपर्यंत त्याने दुसऱ्या गोदामात दडवलेली नाण्यांची पोती दाखवली. दोन्ही भावांचे जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे झाले आणि न्यायालयाने त्यांना माफीचे साक्षीदार म्हणून स्वीकारलं. शेठला शिक्षा झाली. मुद्देमालातली नाणी न्यायालयाच्या आदेशाने बँकेत गेली आणि तिथून पुन्हा बाजारात. शेठकडून भरपाईही वसूल झाली. त्यातून थोरल्याने टेम्पो घेतला. आता तो वाडा तालुक्यातली भाजी आणतो.

धाकट्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा माझी बदली झाली होती. तरी दिघाशीला गेलो. मंडपात त्याने मला हळदीने माखलेला उजवा हात दाखवला. दोन बोटं पुरती मिटत नव्हती. मंगळसूत्र बांधायची वेळ आली तेव्हा वहिनी मदतीला पुढे झाली, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. त्याला बराच वेळ लागला. भटजी थांबले, वाजंत्री थांबले, नवरी मान खाली घालून हसत होती. शेवटी गाठ बसली आणि मंडपात एकच गलका झाला.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते खरंच आहे. तो काय लपवतो, यापेक्षा तो कुणासाठी गप्प आहे, हे मी त्या प्रकरणानंतर आधी विचारायला लागलो. बहुतेक वेळा उत्तर मिळालं.