राखीव गोलकीपरचे पॅड

खेळांच्या म्युझियममध्ये नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, काय शांत काम! अहो, काचेतल्या वस्तू शांत असतात. त्या आणून देणारे थोडीच शांत बसतात! नवा रायपूरच्या आमच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या खेळाडूंकडून वस्तू मिळवायचं काम माझ्याकडे आहे. वस्तू कमी आणि किस्सेच जास्त जमा होऊन राहिले.

*

अभनपूरच्या एक बाई एकेकाळी नॅशनलपर्यंत खेळलेल्या. त्यांचा भाला आणायला गेले, तर तो अंगणात दोन खुंट्यांवर आडवा! वर सुनेच्या साड्या वाळून राहिलेल्या.

"न्या नं दीदी," बाई म्हणाल्या, "पण मग साड्या काय माझ्या डोक्यावर वाळवू?"

दुसऱ्या खेपेला गोल बाजारातून नायलॉनची दोरी घेऊन गेले, तेव्हा कुठं भाला सुटला.

*

एका कबड्डीवाल्याची फायनलची जर्सी आम्हाला मातीच्या डागांसकट हवी होती. त्याच्या बायकोनं धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून पाठवली.

फोन केला, "वहिनी, डाग कुठं गेले?"

"काहून? लोकांपुढं मळकं ठेवणार होते का तुम्ही?"

ती माती म्हणजेच इतिहास होता, असं मी समजावलं. दुसऱ्या दिवशी नवरा स्टीलचा डबा घेऊन हजर. आत ओली माती!

"तिनं पाठवली. म्हणते, कुठं कुठं लावायची तेवढं सांगा."

*

आता तेलीबांध्याचे मधुकरकाका. हॉकीचे गोलकीपर, पण राखीव. मुख्य गोलकीपर त्यांचे दोस्त, सदाशिव बोरकर. आता ते नाहीत.

"सदाशिवले कधी साधी सर्दी झाली नाही, पोरी!" काका सांगतात. "मी आपला पॅड बांधून बाकावर. मैदानात गेलो तो पाणी द्यायले."

दोघांचेही पॅड आमच्याकडे आहेत. पण नियम असा, की सामन्यात वापरलेलंच सामान काचेत ठेवायचं. त्यामुळे बोरकरांचे हॉलच्या मधोमध आणि काकांचे स्टोअरमध्ये.

काका बस पकडून येतात, दोस्ताच्या पॅडसमोर उभे राहतात आणि जाताना मला विचारतात, "काही चान्स?"

"नाही, काका."

"हव," म्हणून निघतात. ते 'नाही' म्हणताना माझ्या जिवावर येतं, खरं सांगते.

*

दसऱ्याला शस्त्रपूजा असते, म्हणून वस्तू देणाऱ्यांना ती तेवढ्यापुरती घरी नेता येते. मागं एक धनुष्य हळदीकुंकू लावूनच परत आलं. आमचे डायरेक्टर सर ओरडले, "ये क्या कर दिया?"

धनुष्यवाल्यानं शांतपणे पुडी पुढे केली, "सर, प्रसाद."

*

यंदा दसऱ्याच्या आधी बोरकरकाकू आल्या. बोरकरांच्या पत्नी. "ह्यांचे पॅड पूजेला नेते," म्हणाल्या. इतक्या वर्षांत कधी मागितले नव्हते! नेले.

इकडे मोठे पाहुणे यायचे होते आणि हॉलच्या मधोमध रिकामी काच. सर माझ्यावरच उखडले, "कुछ भी रखो, खाली नहीं दिखना चाहिए!"

मी काकांना फोन केला. काका इस्त्रीच्या शर्टात आले. हॉलच्या दारात वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग आत आले. काचेतले स्वतःचे पॅड वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पट्टा ढिला आहे. कस थोडा."

दसरा झाला, दिवाळीही झाली. बोरकरांचे पॅड काही परत येईनात. सर मागे लागले, म्हणून मी काकूंना फोन लावला.

"काकू, पॅड कधी आणता?"

"आणते नं," काकू म्हणाल्या. "मधुकरभाऊजींचं खेळून झालं का?"