ठिणगीने कापलेला कॅरिअर

आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक शेड आहे. तिथून निळा उजेड चमकायला लागला की शहाणी माणसं पलीकडच्या कडेने जातात. उजेडाची भीती नसते, उजेड करणाऱ्या बाईची असते. कपाटांच्या कारखान्यात आयुष्यभर वेल्डिंग करून ती निवृत्त झाली आणि आता घरीच जाळ्या, फाटकं जोडून देते. कारखान्यात तिला ठिणगी म्हणायचे. कामामुळे म्हणतो, असं तिच्या तोंडावर सांगायचे; खरं कारण तिची पाठ वळल्यावर. मी दोन्ही कारणांनी म्हणतो, पण आधी खिडकी लावून घेतो.

तिचा थोरला भाऊ, आमचा सगळ्यांचाच दादा, शेजारच्या घरात राहतो. इतका गोड माणूस की चहात साखर कमी पडली तर त्यालाच ढवळायला बोलवावं. अशा गोड माणसांचा मला मनापासून राग येतो. ही माणसं कोणाचं काही हिसकावून घेत नाहीत. कोणी दुसऱ्याचं आणून हातात दिलं, तर 'नको' एवढं मात्र म्हणत नाहीत.

तरुणपणी वडिलांची अडगळीतली सायकल ठिणगीने स्वतःच्या हाताने चालती केली होती. आमच्या सायकल क्लबची एक शर्यत असते. तिच्यात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकाने एकट्याने घड्याळाशी झुंजायचं, डेअरीपासून पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. कोणाच्या आडोशाने जायची सोय नाही. ठिणगीने त्या शर्यतीसाठी जिवाचं रान केलं. आदल्या संध्याकाळी घरी येऊन बघते तर सायकलच्या मागे हा भलामोठा कॅरिअर! नटबोल्टने लावलेला नव्हे, वेल्ड करून कायमचा बसवलेला. दादाला पेपर टाकायचं काम लागलं होतं, म्हणून वडिलांनी सायकल त्याला देऊन टाकली होती.

"पोरीला काय करायचीय शर्यत?" वडील एवढंच म्हणाले.

दादा काहीच म्हणाला नाही. गोम आहे ती तिथेच.

तो कॅरिअर उपटायला शिकायचं म्हणूनच ती वेल्डिंगकडे वळली, असं माझं मत. "तुझं मत तुझ्या खिशात ठेव," हे तिचं उत्तर. पण हातात कला येईपर्यंत त्याच कॅरिअरवर पेपरांचे गठ्ठे जात होते आणि त्या पेपरांवर घरची चूल पेटत होती. ती गिळून गप्प बसली. ठिणगी गप्प बसली म्हणजे विझली, असं दादाला वाटलं असावं. पुढे त्याने स्कूटर घेतली आणि सायकल जिन्याखाली गंजत पडली.

यंदा जिन्याखालची साफसफाई करताना दादाने ती भंगारात दिली. बहिणीला एका शब्दाने विचारलं नाही. आणि भंगारवाल्याची हातगाडी गेली ती बरोबर शेडसमोरून.

"उतरव," ठिणगी म्हणाली.

"बाई, तुमच्या भावानेच दिलीय ही."

"मी भावाचं नाव काढलं? उतरव म्हटलं ना!"

तिच्या हातात गरम सळई होती. त्याने उतरवली. तेवढ्यात दादा धावत आला. "अगं, बोलली असतीस तर तुलाच दिली असती की!"

"माझीच सायकल मला देणार होतास? केवढं मोठं मन रे तुझं!"

त्या संध्याकाळपासून शेडमध्ये जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणवत नाही. तो सूड होता. क्लबने यंदा जुन्या सायकलींचा वेगळा गट ठेवला होता. सायकल जुनीच हवी आणि जुन्या काळच्या शर्यतीच्या सायकलीसारखी सोलून काढलेली हवी. ठिणगीने मडगार्ड काढले, स्टँड काढला, चेनकव्हर आणि घंटी भिंतीवर भिरकावली. कॅरिअर मात्र तिने सावकाश कापला. एकेका पायाला ग्राइंडर लावून, खालची नळी पातळ होऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने बोट फिरवून बघत. कापून झाल्यावर तो भंगारात न टाकता भिंतीला टेकवून ठेवला. तो कशाला ठेवला, हे मी विचारलं नाही. मलाही जीव प्यारा आहे.

मग हँडल. शर्यतीच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल तिने कुठून तरी मिळवलं, उलटं बसवलं आणि मागे येणारी शेपटं कापायला घेतली, म्हणजे पुढे नुसती दोन शिंगं राहतात. उजवं शिंग झकास झालं. डावं कापताना दादा दारात येऊन गोड आवाजात म्हणाला, "मोजून काप हो."

करवत रागाने आत घुसली. डावं शिंग आखूड झालं. मग उजवं त्याच्या मापाचं केलं.

"आता हे मोठं वाटतंय का गं जरासं?" दादा अजून तिथेच!

शेवटी बैलाच्या शिंगांची वासराची शिंगं झाली, तेव्हा तिने दादाच्या दिशेने हातोडा फेकला. लागला नाही. वाईट वाटलं, असं ती नंतर म्हणाली. नेम चुकल्याचं.

मागच्या चाकातलं फ्रीव्हीलही काढून तिने तिथे चाकाला घट्ट जखडलेलं दातेरी चक्र बसवलं. आता चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पायांना थांबायची मुभा नाही. आणि ठिणगीची उभ्या जन्माची सवय अशी की राग आला की हातपाय जागच्या जागी थांबवायचे आणि सगळी ताकद तोंडात आणायची. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर मला बघून, "काय टवाळ्या, बघतोस काय?" म्हणायला तिने पाय थांबवले. सायकलीने तिला उचलून थेट कुंपणात नेऊन टाकलं. पुढे ती पायडलच्या तालावर शिव्या द्यायला शिकली. उजव्या पायाला अर्धी शिवी, डाव्या पायाला उरलेली.

या शर्यतीत दोन्ही पाय आधीच पायडलवर ठेवून बसायचं असतं आणि मागून कोणीतरी सीट धरून तोल सांभाळायचा असतो. ठिणगीला धरायला एकही माणूस पुढे होईना. शेवटी दादाच म्हणाला, "मी धरतो. लहानपणी मीच तर शिकवली तिला."

"धर," ती म्हणाली. "पण 'जा' म्हटलं की सोडायचं."

क्लबच्या सेक्रेटरीच्या हातात स्टॉपवॉच, माझ्या हातात खडू, समोर फळा. "तीन, दोन, एक, जा!"

सायकल हलेना. ठिणगीने सगळं अंग पायांवर टाकलं. पायडल जागचं सरकेना. वळून बघते तर दादा दोन्ही हातांनी सीट कवटाळून उभा. घड्याळ पळतंय.

"दादा, सोड!"

"सोडतो, सोडतो. नीट बसलीस ना?"

"सोड म्हणते ना!"

"वाऱ्याचा जोर आहे गं आज…"

तिच्या तोंडून जे निघालं ते छापत नाही. त्या धक्क्यानेच त्याचे हात सुटले आणि ती गेली. पुलावरून परत आली ती पार वाकलेली, घामाने निथळत, आणि पाय तरीही फिरतायत. शेवटची रेघ ओलांडल्यावरसुद्धा थांबता थांबेना.

वेळ फळ्यावर चढला. शेवटून दुसरा नंबर.

सेक्रेटरी खाकरला. "ताई, धरून ठेवलेला वेळ वजा करू. तुमची काही चूक नाही."

"हो हो, वजा करा," दादा म्हणाला. "माझीच चूक."

"खबरदार!" ती कडाडली. "वजा करून गोड व्हायचंय याला. त्याने धरलेला वेळसुद्धा माझाच गेलाय. सगळा लिहा. आणि पुढे कारण लिहा."

मी लिहिलं: भावाने सोडलं नाही. लोक हसले. ती हसली नाही.

"मला वाटलं तू पडशील," दादा पुटपुटला.

"कॅरिअर जोडलात तेव्हाही हेच वाटलं होतं?"

"तेव्हा वडील म्हणाले…"

"वडील गेले. तू बोल."

दादा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्याच दिवशी दादा न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगत होता, "सुरुवात मीच करून दिली तिला. मी धरलं नसतं तर ती कुठली निघतेय!" इतकी महत्त्वाची बातमी वाटेत पडून राहू नये, म्हणून मी ती शेडपर्यंत पोचवली.

संध्याकाळी दादाच्या फाटकाशी निळा उजेड चमकला. जुना कॅरिअर तिने फाटकाच्या गजांना जोडून टाकला, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, आत-बाहेर करताना हमखास लागेल असा. चारही पाय पक्के.

"हा निघेल का रे?" दादाने परवा मला गुडघा चोळत विचारलं.

"निघेल की," मी म्हटलं. "कापायचं मशीन गल्लीत एकाच माणसाकडे आहे. जा, सांग तिला."

अजून तरी गेलेला नाही. तिरका होऊन, अंग चोरून फाटकातून बाहेर पडतो. शेडसमोर गाठ पडली की सायकलवरची ठिणगी पायडल मारतच विचारते, "काय दादा, सोडत नाही का?"