राग वगळून तिला आठवू नका

ट्रॉली कलंडली तेव्हा तिने माझा दंड धरला होता आणि ती मला शिव्या देत होती.

केळीच्या मळ्यात आमची नऊ बायकांची टोळी होती, ती तिची मुकादम. अशी बाई तुमच्याही गावात असेल. ती आली की पुरुष बिडी विझवून दुसरीकडे बघतात. तिचं ठरलेलं बोलणं, "मले राग येऊन राहिला, आता ऐक." पोटुशी असलेल्या पोरीच्या डोक्यावर कुणी घड दिला की तो हिसकावून स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि देणाऱ्याच्या सात पिढ्या काढायची. मग बांधावर बसून त्या पोरीपेक्षा जास्त रडायची. रडून झालं की भाकरी मागायची, आणि ठेचा तिखट नाही म्हणून पुन्हा चिडायची.

सप्ताहात बुवांनी सांगितलं, राग जिंकला तोच सज्जन. सगळ्या बायका तिच्याकडे वळून हसल्या. ती मोठ्याने म्हणाली, "बुवा, राग नाही आला तर मले समजीन कसं, कोणाचं वाईट होऊन राहिलं ते?" बुवांनी टाळ सुरू करायला लावले. मीही हसले होते. मी कधी कुणाला उलटून बोलत नसे आणि त्यालाच चांगुलपणा समजत असे.

आमच्याकडे भरलेल्या ट्रॉलीच्या कडेने बायकांना बसवतात, म्हणजे घड सरकत नाहीत. त्या दुपारी शाहपूरच्या वाटेवर नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. ड्रायव्हरशेजारी बसलेला मालक म्हणाला, गुडघाभरच आहे, निघून जाऊ. ती उडी मारून ट्रॅक्टरपुढे उभी राहिली आणि मालकाला, ड्रायव्हरला, आम्हाला तोंडाला येईल ते बोलली. सात जणी मुकाट उतरल्या. मी उतरले नाही. मालक मला वहिनी म्हणायचा. चारचौघांत त्याचा शब्द कसा मोडायचा?

ड्रायव्हरने तिला बगल देऊन ट्रॅक्टर पाण्यात घातला. ती मागून धावत ट्रॉलीवर चढली.

"उतर व, भवाने. तुले लाज प्यारी का जीव?"

मला लाज प्यारी होती. तेवढ्यात मागचं चाक रपट्याच्या कडेवरून घसरलं.

दहाव्याला मालक आला. म्हणाला, राग सोडला तर बाई सोन्यासारखी होती. लोकांनी माना हलवल्या. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी उठले.

"राग सोडून नको सांगू, भाऊ. तिले राग आला म्हणून ह्या सात जणी इथं बसल्या. तू शांत होता. मीबी शांत होती."

त्याच्या मळ्यात मला पुन्हा काम मिळालं नाही. शेजारणी म्हणतात, म्हातारपणी तू तापट झालीस. झाले.

तिने ओढलं होतं म्हणून मी काठाच्या बाजूला पडले आणि झुडपात अडकले. ती घडांखाली गेली. मी वाचले.