इंग्रजी बँड आणि आईचं आगळ

आमच्या गावात वीज नव्हती, डांबरी रस्ता नव्हता. पण इंग्रजी बँड होता.

भाऊकाका पलटणीच्या बँडमधून पेन्शनीत निघून गावी आले ते साहेबाची शिस्त घेऊनच. भात लावणाऱ्या, माडावर चढणाऱ्या गड्यांना त्यांनी पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभं केलं आणि हाती पितळी वाद्यं दिली. नियम एकच : काठी वर गेली की वाजवायचं, ती खाली येईपर्यंत आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. मी कॉर्नेट वाजवायचो. (म्हणजे फुंकायचो. वाजणं कॉर्नेटच्या मर्जीवर!)

त्या वर्षी माझं लग्न याच कॉर्नेटवर अडलं होतं. वालावलच्या निवृत्त सुभेदारांची मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि सुभेदार म्हणाले होते, "झिलाक बँडात वाजवताना बघतंय, मगे सांगतंय." माझी झोपच उडाली.

वाद्यं आमच्या पडवीत असत. देवळातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भाऊकाका आईला बजावून गेले, "वयनी, पितळ लखलखूक व्हया! सुभेदाराचे डोळे दिपूक व्हये!"

आता आमच्याकडे पितळ म्हटलं की कोकम. मग समई असो की घागर. आईने आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, काढलं, वाद्यं बाहेरून घासलीच, वर प्रत्येक नळीत वाटी-वाटी ओतलं. ("भायर सोन्यासारख्यां आणि आत काळोख?") आणि ते तसंच मुरत ठेवलं. कार्यक्रमाला निघताना कॉर्नेट जरा जड वाटला. मला वाटलं, धास्तीने.

देवळासमोर पहिल्याच ओळीत सुभेदार, पांढऱ्याशुभ्र कोटात. काठी वर गेली, भाऊकाकांचे डोळे नेहमीप्रमाणे मिटले. आम्ही फुंकलं आणि... आंबट! अस्सं आंबट की गाल आत गेले, तोंडाला धबधबा सुटला! पाणी सुटलेल्या तोंडाने पितळ कसलं वाजतंय? मोठा कर्णा 'फुस्स' म्हणाला, माझा कॉर्नेट 'गुळगुळगुळ'. ढोल तेवढा एकटाच धडामधूम करत राहिला, कारण त्यात आगळ ओतायला आईला जागा सापडली नव्हती.

"आवाज खंय?" भाऊकाका डोळे मिटूनच गरजले. "फुका रे जोरान!"

काठी अजून वरच होती. शिस्त ती शिस्त! आम्ही बेंबीच्या देठापासून फुंकलं आणि पहिली ओळ लालेलाल झाली. माझ्या कॉर्नेटचा वाटा नेमका सुभेदारांच्या मिशीवर!

संपलं. गेलं लग्न. मला रडू यायचंच बाकी होतं. सुभेदार उठले. त्यांनी मिशी चाटली. पुन्हा चाटली.

"ह्यां आगळ कोणाचां?"

"माझां," गर्दीतून आई चाचरत म्हणाली. "आमच्याच झाडाच्या रातांब्यांचां."

"मीठ कसां बेताचां पडलाहा!" सुभेदार भाऊकाकांकडे वळले. "ती काठी खाली घे रे आधी! झिलाक वाजवूक येणा नाय. पण माझां चेडू दिलंय ह्याच घरात. जेवणाक तरी सुखी ऱ्हवात!"

आता नातवंडं विचारतात, "आजी, तू आजोबांमध्ये काय पाहिलंस गं?"

ती आगळाची बरणी पुसत म्हणते, "माका काय बघूचां होतां? बाबांनी सासू पसंत केली. ह्ये तिच्याबरोबर इले!"