तीस किलोंत न मावलेली बाई

नलिनीताई गेल्याचा मंदारचा फोन आला तेव्हा मी ऑकलंडमध्ये, बॉटनी डाउन्सच्या मॉलमध्ये नातीसाठी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, बघत होते. "काकू, आई गेली. झोपेतच," एवढंच तो म्हणाला. त्याला आईशिवाय कुणी नव्हतं असं नाही, पण आवाज तसा होता. मला रडू आलं नाही. आधी राग आला... आत्ता कुठे पुस्तकं आली होती.

पुस्तकं म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज कादंबरीकार बाईची पत्रं आणि तिच्यावरचे जाडजूड ग्रंथ. नलिनीताई पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी तिचं मराठी चरित्र लिहायला घेतलं. ही बाई विधुर वडिलांचं घर सांभाळून, उरलेल्या वेळात, निनावी लिहायची. चाळिशीत वडील वारले, तिने समुद्रकाठच्या गावात दोन खोल्या घेतल्या आणि मग स्वतःच्या नावाने लिहीत सुटली. नलिनीताईंना तो सुटण्याचा भाग लिहायचा होता. बाकी सगळं त्याची तयारी.

अर्धं वर्ष पुणे, अर्धं वर्ष इथे ऑकलंडमध्ये हिल्सबरोला मुलाकडे, अशी त्यांची विभागणी. हस्तलिखित त्यांच्याबरोबर फिरायचं, पुस्तकं पुण्याच्या कपाटात राहायची. इंटरनेटवर मिळेल की, असं मी सुचवलं होतं, पण पेन्सिलीने केलेल्या आयुष्यभराच्या खुणा तिथे कुठून मिळणार? निघताना दरवेळी बॅग वजनकाट्यावर चढायची. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला... तीस किलोंच्या वर काटा गेला की पहिली बाहेर निघायची ती पुस्तकं. एकदा ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने अर्धा खाऊ कचऱ्यात टाकला. आमची बाई तेवढ्या जागेत आरामात बसली असती, असं मी म्हटल्यावर ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी मात्र हसत नव्हते.

"मंदारने मागितली होती का भाजणी? इथे दुकानात पाकिटं मिळतात."

"मागितल्यावर कुणीही देईल हो. न मागता नेते ती आई."

"आणि बाई?"

"ती दीडशे वर्षं थांबलीय. आणखी सहा महिने थांबेल."

घरात कुणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं. मंदार भला, सून त्याहून भली. दोघं नोकरीला, म्हणून नातवाला शाळेतून आणायचं, खायला घालायचं, आणि त्याचा पसारा आवरला की जेवणाच्या टेबलावर एक कोपरा मोकळा व्हायचा. तेवढ्यात रात्रीच्या भाजीची वेळ. 'बाईला घराने लिहू दिलं नाही' हा परिच्छेद त्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिला, आणि त्यात काही गमतीशीर आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

या खेपेला मात्र पुण्याहून फोन आला. भाजणी नाही, फक्त पुस्तकं. मी इतकी खूश झाले की मुलीला शंका आली. हिल्सबरोला बॅग उघडली तेव्हा नातवाने आत डोकावून विचारलं, "आजी, व्हेअर आर द चकलीज?" झालं. दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकानातून पाकिटं आणवली आणि चकल्या तळत बसल्या. मग शेजाऱ्यांसाठी. मग इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी. मी फोनवर ओरडले तेव्हा म्हणाल्या, "अहो, पुस्तकं आता इथेच आहेत. पळून जातात का?"

पुस्तकं नाही पळाली.

मंडळाच्या शोकसभेत अध्यक्ष रेशमी जाकीट घालून बोलले. त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही... लोक माना डोलवत होते. मी उठून म्हटलं, "त्यांना एक पुस्तक पुरं करायचं होतं. आपण सगळे त्यांच्या चकल्या खात होतो." मग कुणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

गेल्या आठवड्यात मंदारने मला ताईंच्या खोलीत नेलं. ग्रंथ खिडकीत रचलेले, एकातही नवी खूण नव्हती. हस्तलिखित हातात देत तो म्हणाला, "काकू, थोडंच राहिलंय ना? तुम्ही पुरं कराल?"

मी तिथेच बसून शेवटचं पान वाचलं. वडील आजारी आहेत, माडीवरून त्यांची घंटा वाजते, बाई वाक्य अर्धं टाकून उठते. पुढे कोरं. थोडं नाही रे बाबा, तिचं अख्खं आयुष्य राहिलंय, आणि ते माझ्याने होणार नाही. इंग्रजीत ती बाई कधीच सुटली. मराठीत ती अजून जिना चढते आहे.