म्हस्कूमामांची आरोळी

चाळीस वर्षं आपल्या मेंढरांवरचे लांडगे हाकलणाऱ्या म्हस्कूमामांना लांडगे राखायची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी बिरोबाला नारळ फोडला. बिरोबानंही असला प्रकार आधी पाहिला नसावा.

दौंडकडच्या त्या माळावर रविराजशेठची वडिलोपार्जित पडीक जमीन होती. तिथं त्यांनी गेस्टहाउस बांधलं आणि पुण्याचे पाहुणे लांडगा बघायला येऊ लागले. तो दाखवायचं काम मामांचं. हिरवा शर्ट मिळाला, खिशावर ‘निसर्गमित्र’ लिहिलेलं. गळ्यात दुर्बीण. ती मामा पाहुण्यांना देऊन टाकत, कारण त्यांना तिच्याशिवायच लांबचं दिसायचं.

सगळं बरं चाललं असताना शेठ कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. मेंढ्या गवत संपवतात, लांडग्याचं घर मोडतात, असं ते शिकून आले होते. आठ दिवसांत तारेचं कुंपण उभं राहिलं आणि फाटकावर पाटी लागली: ‘वन्यजीव संवर्धन क्षेत्र. मेंढ्यांना सक्त मनाई.’ पाटीचा खांब रोवताना तो धरायला मामाच होते.

पलीकडे त्यांची बायको गिताबाई मेंढरं घेऊन उभी होती.

“तुमी कायच बोलला न्हाई?” तिनं विचारलं.

“नोकरी हाय,” मामा म्हणाले.

गिताबाईनं घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि भीमा ओलांडून न्हावऱ्याकडं गेली, कांदा निघालेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला. चाळीस वर्षांत मामा पहिल्यांदाच परगावी निघालेल्या कळपामागं नव्हते. शर्ट मात्र रोज इस्त्रीचा होता.

गवत कमरेएवढं वाढलं. देखणं दिसायचं. मोकळ्या रानात वावरणाऱ्या चिंकारांनी त्यात पाऊल टाकलं नाही, आणि लांडगा तर मेंढरांमागोमाग कधीच नदीपार झाला होता. हे मामांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही आणि शर्ट जाईल या भीतीनं ते आपणहून बोलले नाहीत. पाहुणे गवताचे फोटो काढत. एका बाईनं कंटाळून मामांचाच काढला.

शेवटी शेठनी बोलावून घेतलं. “मामा, या महिन्यात लांडगा दिसला नाही तर तुम्हाला ठेवून करू काय?”

“मालक, त्यो मेंढरामागं गेलाय.”

“मग मेंढरं बोलवा.”

पाटी तशीच राहिली. तिच्याखाली दुसरी लागली: ‘नियोजित चराई’. मामांच्या निरोपावरून गिताबाई आली. फाटकातच तिनं विचारलं, “कोकरू न्हेलं तर?”

“निसर्गाचं चक्र आहे ते, मावशी,” शेठ म्हणाले.

“चक्र तुमचं, मालक. कोकरू माझं हाय.”

तरी ती आत गेली, कारण नवऱ्याची नोकरी होती. रविवारी सकाळी आठ पाहुणे कुडाच्या आडोशाला कॅमेरे लावून बसले. काही झालं तरी आवाज करायचा नाही, असं शेठनी मामांना दोनदा बजावलं होतं.

आणि लांडगा आला. गवतातून अंग चोरत, थेट मागं रेंगाळलेल्या काळ्या कानाच्या कोकराकडं. आई मेलेलं कोकरू ते, गिताबाईनं शेळीच्या दुधावर जगवलेलं. ती पलीकडं पाठमोरी बसून एका मेंढीच्या पायातला काटा काढत होती. कॅमेरे टकटकू लागले. शेठनी खूश होऊन मामांचा खांदा दाबला. मामांनी शर्टाचा खिसा मुठीत धरला. लांडगा दहा पावलांवर आला.

“हाऽऽड! हाऽऽड रं!”

सगळा माळ दणाणला. लांडगा गवतात गडप झाला. एका पाहुण्याच्या हातून कॅमेरा पडला, आणि लांडगे वाचवायला आलेली ती मंडळी कोकरू वाचवल्याबद्दल मामांवर भयंकर चिडली.

शेठनी शर्ट मागायच्या आतच मामांनी तो काढला, घडी घातली आणि स्वतः धरून रोवलेल्या खांबावर ठेवला. बनियनवरच ते कळपामागं जाऊन उभे राहिले. लाज वाटायला हवी होती, पण त्यांना हलकं वाटत होतं.

गिताबाईनं कोकरू त्यांच्या हातात दिलं. “आज तोंड उघाडलं म्हणायचं तुमचं.”

कळप भीमेच्या वाटेला लागला. बरंच पुढं गेल्यावर मामांनी मागं वळून लांबच्या गवताकडं पाहिलं.

“येतोय का?” गिताबाईनं विचारलं.

“येतोय,” मामा म्हणाले, आणि त्यांनी काठी खांद्यावरून हातात घेतली.