पुस्तक लिहायचंय, कुणाला विचारू?

नवीन लेखकांना मदत करायला बसलं की पुस्तकं कमी आणि किस्सेच जास्त जमतात! माझ्याकडे तर आता ठेवायला जागा नाही.

अंधेरीतल्या आमच्या लायब्ररीत दर शनिवारी चार ते सहा एक टेबल मांडतात. वर पुठ्ठ्याची पाटी : ‘पुस्तक लिहिताय? विचारा.’ टेबलामागे मी. मरोळच्या एका प्रेसमध्ये अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासली, हीच माझी पदवी. पण खरं सांगू? मी सांगायला कमी आणि विचारायलाच जास्त जाते. चांगली खातीपिती माणसं उठून पुस्तक लिहायला का बसतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

*

पहिल्याच शनिवारी देसाई आले. बँकेतून रिटायर, हातात फाइल, फाइलीत प्रश्नांची यादी.

“आयएसबीएन नंबर कसा मिळतो?” सांगितलं.

“कॉपीराइट?” सांगितलं.

“माझा फोटो कव्हरवर पुढे बरा की मागे?” मागे, म्हटलं.

“प्रकाशन समारंभाला हॉल किती आधी बुक करावा?”

तासभर हे चाललं. शेवटी मी म्हटलं, “हस्तलिखित आणलंय का?”

“छे हो, लिहायचंय अजून!”

“बरं, विषय काय?”

देसाईंनी यादीतल्या शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं. “तेच विचारायला आलोय!”

*

मग आम्ही महिन्यातून एकदा वाचन सुरू केलं. आधी मजकूर मेल करायचा, लायब्रेरियन स्मिता प्रिंट काढणार, मग सगळ्यांनी मत द्यायचं.

बोरिवलीच्या माधुरीने, ती शाळेत गणित शिकवते, एक कविता पाठवली. तिने टाइप केली होती जुन्या फाँटमध्ये. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर तो फाँटच नाही. कागदावर नुसते कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं! स्मिताने घाईत न बघताच बारा प्रती काढल्या आणि वाटल्या.

माधुरीला यायला उशीर झाला. तोवर सगळे कागद फिरवून फिरवून बघत होते. शेवटी एक ज्येष्ठ सभासद चष्मा पुसत म्हणाले, “भाषा मोडण्याचा हा प्रयत्न धाडसी आहे.”

दोघंतिघं मान डोलवायला लागले. एकीने तर तिसऱ्या ओळीतला कंस पेन्सिलीने अधोरेखित केला!

तेवढ्यात माधुरी आली. कागद बघून ओरडलीच, “अगं, माझी वाट लागली! फाँट गेलाय!” मग तिने मोबाइलवरून खरी कविता वाचून दाखवली. छान होती. आईच्या पोळपाटावर होती.

ज्येष्ठांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “आधीची जास्त पोचली.”

*

वर्सोव्याच्या हिराबाई मासे विकतात. पन्नास वर्षं. कुठला मासा कधी घ्यावा, कसा करावा, हे त्या सांगायच्या आणि सून वहीत लिहायची. ती वही माझ्याकडे आली.

मी रात्रंदिवस खपले. सगळं शुद्ध केलं. ‘कालवन’चं ‘कालवण’, ‘इकाया’चं ‘विकायला’, वाक्यं सरळ, विरामचिन्हं जागच्या जागी. मग टेबलाशी बसून सुनेने मोठ्याने वाचलं. हिराबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“बाय, झकास लिवलंय. कोनी लिवलं?”

“तुम्हीच की!”

“मी?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “यातली बाय त मासे इकत घेनारी हाय. इकनारी नाय!”

घरी जाऊन मी माझ्या सगळ्या दुरुस्त्या खोडल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

*

गोरेगावच्या नीताची कादंबरी एका प्रकाशकाने परत पाठवली. सोबत चार ओळींचं पत्र. नीता ते घेऊन आली, डोळे लाल.

“ताई, याला उत्तर द्यायचं असतं का गं?”

“नसतं. पुढे पाठव दुसरीकडे.”

पण पत्रात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या, आणि नीताला ते सहन होईना. तिने लाल पेनाने सगळ्या दुरुस्त केल्या आणि पत्र पोस्टाने परत धाडलं! मी म्हटलं, झालं, आता एक दार कायमचं बंद.

आठवड्याने नीताला प्रकाशकाचा फोन. “आमच्याकडे प्रुफं बघाल का?”

आता ती तिथेच नोकरीला आहे. मध्यंतरी तिने दुसरी कादंबरी लिहिली, टोपणनावाने तिथेच दिली. तीही परत आली. मी घाबरत फोन केला, तर बाई खुशीत!

“परत आली, ताई. पण पत्रात एक चूक नाही!”

*

प्रकाश चेंबूरहून दोन बस बदलून येतो. हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याला त्याच्या आईवर पुस्तक लिहायचंय. बाबासाहेबांचा फोटो आणि दोन भांडी घेऊन ती सोलापूरकडच्या गावातून मुंबईला आली, एवढंच त्याला ठाऊक. लग्नाआधीचं काही विचारलं की आईचं ठरलेलं उत्तर : “काय बी आठवत न्हाई.”

तीन वर्षं तो पहिल्याच प्रकरणात अडकला होता.

मी सुचवलं, “समोर बसून विचारू नकोस रे. मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, तिला सांग की हे चालू आहे, जे वाटेल ते बोल. आणि तू सरळ बाहेर जा.”

पुढच्या शनिवारी तो आला, पण बसेना. मोबाइल टेबलावर ठेवला. “ताई, थोडंसंच लावतो.”

आधी पंख्याचा आवाज. दार ओढल्याचा आवाज. मग म्हातारीचा आवाज, अगदी जवळून, मैत्रिणीशी बोलावं तसा :

“ग्येला त्यो. आता तुला समदं सांगते. पर माज्या पोराला यातलं काय बी सांगू नगंस.”

प्रकाशने बोट ठेवून तिथेच थांबवलं.

एक्केचाळीस मिनिटं बाकी होती.